परतीच्या पावसाचा दिवस घरात: कंदील, चौघडी आणि तवसोळी

आश्विनात कोकणात पाऊस दोन तऱ्हांनी येतो. पहिली तऱ्हा नेहमीची. सकाळी लख्ख ऊन, दुपारपर्यंत अंगाची लाही, मग दोन-अडीचच्या सुमाराला सह्याद्रीच्या बाजूने काळं आभाळ वर चढतं, चारला गडगडाट करून कोसळतं आणि सहाला अंगण निथळत असतं. दुसरी तऱ्हा कमी वेळा, पण जास्त त्रासाची. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की दोन-तीन दिवस धार तुटत नाही. हवामान खात्याच्या हिशेबात मोसमी पाऊस मुंबईतून 8 ऑक्टोबरच्या आसपास परततो. आमच्याकडे कुडाळच्या बाजूला तो आणखी रेंगाळतो. पंचांगात बघायचं तर 27 सप्टेंबरच्या आसपास लागणारं हस्त, त्यामागून चित्रा आणि कधी कधी 24 ऑक्टोबरनंतरची स्वाती, ही त्याची नक्षत्रं.

आषाढातल्या पावसात घरात बसणं सोपं असतं, कारण तयारी झालेली असते. लाकडं माळ्यावर, सुकी मासळी डब्यात, कौलं शाकारलेली. परतीच्या पावसात मन घरात नसतं, ते शेतात असतं. म्हणून असा दिवस चांगला जायचा असेल तर तो थोडा आखावा लागतो. माझी आखणी तीन गोष्टींवर चालते: उजेड किती वेळ आहे, वीज कधी जाईल आणि हवेतला दमटपणा कुठल्या कामाला चालतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून हे दिवस मी असेच काढत आले आहे. काय जमतं आणि काय फसतं ते इथे क्रमाने लिहिते.

आधी सकाळची कामं

शेतात कापलेलं भात आडवं पडलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. माझ्या सासूबाईंचं वाक्य ठरलेलं आहे: "आधी भात आत घेवया, मगे काय तां कर." वाळलेले भारे खळ्यात आणून उडवी, म्हणजे भाऱ्यांची गंजी, रचा आणि वरून ताडपत्री घाला. ताडपत्रीची कड मात्र जमिनीला टेकू देऊ नका. वारा खेळला नाही तर आतल्या आत ऊब धरते आणि दाण्याला मोड येतात. भात अजून ओलंच असेल तर उडवी रचू नये. पडवीत किंवा मांगरात पातळ पसरून ठेवावं.

ते झालं की घरातलं. पंप लावून पाण्याची टाकी आणि स्वयंपाकघरातले हंडे भरून घ्या, कारण पहिल्या गडगडाटाला वीज जाते आणि ती कधी येईल याचा नेम नसतो. मोबाईल आणि बॅटरी सकाळीच चार्ज करा. टीव्ही आणि वायफायच्या डब्याचे प्लग आभाळ दाटायच्या आधीच काढा, गडगडायला लागल्यावर त्यांना हात लावत बसू नका. कंदिलात रॉकेल असो नसो, समईत तेल आणि वाती असू द्या. वाळत घातलेले कपडे, उन्हात ठेवलेली आमसुलं, अंगणातली केरसुणी, सगळं आत. एवढ्याला दोन तास पुरतात. ते उरकलं की उरलेला दिवस खरोखर आपला होतो, मन मागे-पुढे होत नाही.

बसायची जागा

याकडे फार कमी लोक लक्ष देतात, आणि हातकामाचा कंटाळा बहुतेक वेळा इथूनच येतो. आपली कौलारू घरं पावसात काळोखी होतात. माजघरात दुपारी तीनलाच दिवा लावावा लागतो. पडवीत पाचपर्यंत उजेड असतो, पण झड आत येते. मी काय करते, तर पडवीत जमिनीवर झडीने ओल कुठवर आली आहे ती बघते आणि त्या रेघेपासून दोन हात आत चटई टाकते. उजेड डाव्या हाताकडून यावा, म्हणजे सुई धरलेल्या उजव्या हाताची सावली कामावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उलटं बसावं. घरात काचेचं कौल असेल तर त्याच्या खालची जागा सगळ्यात चांगली. आमच्या माजघरात असं एकच कौल आहे आणि त्याखाली कुणी बसायचं यावर पोरांची रोज ओढाताण.

कामाचा क्रम यावरूनच लावा. मोजमाप, कापणं, सुईत दोरा ओवणं अशी डोळ्यांची कामं बारा-एकच्या आत. बांधणं, चिकटवणं दुपारी. खेळ, गप्पा आणि सोलणं-निवडणं वीज गेल्यावर.

कामट्यांचा कंदील

आश्विनातला पाऊस आणि दिवाळी यांत जेमतेम दोन-तीन आठवड्यांचं अंतर असतं. त्यामुळे या दिवसाचं सगळ्यात मोठं आणि मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे आकाशकंदील. बाजारात घडीचे कंदील स्वस्त मिळतात. पण कामट्यांच्या कंदिलाचा उजेड वेगळाच असतो, आणि तो बनवताना घरातली तीन पिढ्यांची माणसं एका चटईवर बसतात. इथे पाच टोकांच्या चांदणीची रीत सांगते. मोठं माणूस सोबत असेल तर दहा वर्षांच्या मुलालाही ती जमते.

बांबू ताजा तोडू नका. ओला बांबू सुरेख चिरतो, पण नंतर आकसतो आणि गाठी सैल पडतात. चुलीवरच्या माळ्यावर पडलेला गेल्या वर्षीचा तुकडा घ्या. पेरं टाळून सरळ भाग कोयत्याने चिरा आणि आतला मऊ गर तासून टाका. कामटी करंगळीच्या निम्मी रुंद आणि साधारण 3 मिलिमीटर जाड हवी. सासरे प्रत्येक कामटी दोन्ही हातांत धरून हलकी वाकवून बघायचे. करकर वाजली की बाजूला. "जी वळता ती घे, जी वाजता ती टाक," असं पोरांना सांगायचे. कामटीच्या कडांवरून जुन्या सुती फडक्याने दोनदा हात फिरवा. कुसळ राहिलं तर बोटातही जातं आणि कागदही फाडतं.

अशा दहा कामट्या लागतात, प्रत्येकी 45 सेंटीमीटरची, म्हणजे जुन्या मापाने एक हात. शिवाय 9 सेंटीमीटरचे पाच जाड टेकू. टेकूच्या दोन्ही टोकांना सुरीने छोटी खाच पाडून ठेवा.

आता खरी मेख. कागदावर हात न उचलता पाच रेघांची चांदणी काढतो ना, त्याच चालीने पाच कामट्या जमिनीवर मांडायच्या. बहुतेकांची चांदणी इथेच वाकडी होते, कारण कामट्या एकमेकींना कुठे छेदाव्या हे अंदाजाने ठरवलं जातं. अंदाज नको. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून 17 सेंटीमीटरवर पेन्सिलने खूण करा. मध्ये साडेदहा-अकरा सेंटीमीटर उरतील. जिथे दोन कामट्या एकमेकींवरून जातात, तिथे दोघींच्या खुणा एकमेकींवर यायला हव्यात. तेवढं सांभाळलं की चांदणी आपोआप नेमकी येते. लांबी बदलायची असेल तर हिशेब सोपा आहे: टोकापासूनची खूण लांबीच्या शंभरात अडतीस भागांवर. 60 सेंटीमीटरची कामटी असेल तर खूण साधारण 23 वर.

बांधताना आधी पाच टोकं, मग मधले पाच छेद. प्रत्येक कामटी एका छेदाला वरून आणि पुढच्याला खालून गेली तर सांगाडा घट्ट बसतो. दोरा सुती आणि जाड घ्या आणि बांधण्याआधी मेणबत्तीवरून एकदा ओढा. मेण लागलेली गाठ घसरत नाही आणि दमटही होत नाही. अशा दोन चांदण्या झाल्या की एकीवर दुसरी ठेवून पाचही टोकं एकत्र बांधा. मग मधल्या पाच छेदांच्या जागी, वरच्या आणि खालच्या चांदणीच्या मध्ये एकेक टेकू उभा करा. टेकू बसताना कामट्या फुगतात आणि सपाट चांदणीला पोट येतं. पहिला टेकू बसवल्यावर लगोलग त्याच्या शेजारचा बसवू नका, एक सोडून पुढचा घ्या. शेजारी-शेजारी बसवत गेलं की सगळा ताण एका बाजूला येतो आणि एखादी कामटी मोडते.

कागदाआधी खळ. मैद्याची खळ सोपी आहे. दोन चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मंद आचेवर ढवळत चकाकी येईपर्यंत शिजवा आणि उतरवताना चिमूटभर तुरटीची पूड घाला. या हवेत तुरटी नसेल तर तिसऱ्या दिवशी खळीला वास मारतो. मला चिंचोक्याची खळ जास्त आवडते. सावंतवाडीचे चितारी गंजिफांचे पत्ते करताना हीच वापरत आले आहेत. मूठभर चिंचोके भाजून त्यांची टरफलं काढायची, रात्रभर भिजवून सकाळी वाटायचे आणि पाणी घालून पिठल्याइतकं दाट होईतो शिजवायचं. पाऊस येणार अशी चिन्हं दिसली की आदल्या रात्रीच चिंचोके भिजत टाका.

कागद पतंगाचा. मोजून बसू नका, सांगाडाच कागदावर टेकवून पेन्सिलने रेघ मारा आणि चारी बाजूंनी दीड सेंटीमीटर सोडून कापा. पुढच्या बाजूला पाच त्रिकोण आणि मधला पंचकोन, मागेही तसंच. टोकांच्या कडांना दोन्हीकडून मिळून दहा अरुंद त्रिकोण, त्यातला वरच्या टोकाचा एक मोकळा सोडायचा. दिवा आणि वायर तिथून आत जातात. असे एकंदर 21 तुकडे. पंचकोन पांढऱ्या किंवा फिक्या पिवळ्या कागदाचे करा. सगळाच कंदील गडद लाल-निळा केला की उजेड आत कोंडतो आणि पडवीत काळोखच राहतो.

खळ कागदाला लावू नका, कामटीला लावा, आणि पातळ. दमट हवेत जाड खळ दिवसभर ओली राहते, कागद तिच्या वजनाने घसरतो आणि रंग उतरतो. एक बाजू चिकटवली की अर्धा तास थांबायचं, तोवर झिरमिळ्या कापायच्या. वाळायला पडवीत वाऱ्यावर टांगू नका, वाऱ्यातही पाणीच असतं. चुलीच्या खोलीत, पण आगीपासून चांगला पुरुषभर लांब, उबेला टांगा. चुलीवर लक्ष ठेवायला घरातलं कुणीतरी तिथे असावं.

आत दिवा एलईडीचाच लावा, 5 वॅटचा पुरतो. जुना तारेचा 60 वॅटचा दिवा एवढ्याशा कंदिलात कागद करपवतो. आणि कंदील टांगायचा तो पागोळीच्या रेघेपासून दोन हात आत. 2019च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होतं आणि त्याच दिवसांत समुद्रात क्यार चक्रीवादळ घोंघावत होतं. किनाऱ्यावर पाऊस थांबेना, कापलेली भातं शेतात कुजली. आम्ही कंदील हौसेने अंगणातल्या काठीवर चढवला होता. सकाळी फक्त कामट्या उरल्या होत्या आणि लाल रंगाचा एक ओघळ खळ्यापर्यंत गेला होता. सांगाडा मात्र शाबूत होता. तोच पुसून पुढच्या वर्षी पुन्हा वापरला, आणि आजही तोच चालू आहे.

चौघडी

कंदिलाला हात पुरेसे असतील तर एकीने सुई घ्यावी. मोठी गोधडी एका दिवसात होत नाही, पण बाळाची चौघडी, म्हणजे चार थरांची छोटी गोधडी, सुरू करायला असा दिवस फार चांगला. जुनी, पुष्कळ धुतलेली सुती साडी हवी. नवं कापड घेऊ नका, ते पहिल्या धुण्यात आटतं आणि टाके आवळून चुण्या पडतात. सिंथेटिक साडी तर मुळीच नको, ती घाम टिपत नाही.

साडेपाच मीटरच्या साडीतून 90 सेंटीमीटरचे दोन चौकोन आतल्या थरांसाठी आणि 96 सेंटीमीटरचे दोन बाहेरच्या थरांसाठी कापा. दीड मीटरच्या वर कापड उरतं, ते ठिगळांना आणि कोपऱ्यांना. जरीचा किंवा कडक काठ काढून टाका, बाळाच्या गालाला तो खरखरतो. चटईवर बाहेरचा एक थर पसरा, त्यावर आतले दोन मध्यभागी, त्यावर दुसरा बाहेरचा. हाताच्या तळव्याने मधून कडेकडे हवा काढत या. मग बाहेरच्या दोन्ही थरांच्या कडा आत दुमडा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बोटभर लांबीचे कच्चे टाके घाला. हे टाके शेवटी काढायचे असतात, म्हणून दोरा वेगळ्या रंगाचा घ्या. घाईत कच्चे टाके टाळले की थर सरकतात आणि मध्ये फुगा येतो. तो नंतर उसवल्याशिवाय जात नाही.

खरा धावदोरा कडेपासून 1 सेंटीमीटर आत सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन असा आत आत जायचा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा. दोन फेऱ्यांत 4 सेंटीमीटर अंतर ठेवलं तर 11 फेऱ्या होतात आणि एकूण शिवण सुमारे 21 मीटर भरते. माझा हात तासाला तीन मीटर चालतो, म्हणजे सात तास. हे आधीच सांगते, कारण संध्याकाळी निम्मीच झालेली बघून पुष्कळजणी हिरमुसतात. निम्मी झाली म्हणजे दिवस चांगला गेला. उरलेली पुढच्या पावसाला.

या हवेत सुई चिकटते. सासूबाई चार-पाच टाक्यांनी एकदा सुई केसांतून ओढतात, डोक्याच्या तेलाने ती पुन्हा सरसर चालते. दोरा हातभरापेक्षा लांब ओवू नका, लांब दोऱ्याला पीळ पडून गाठी होतात. आणि टाका ओढताना कापड गोळा होऊ देऊ नका. टाका घातला की अंगठ्याने तो सपाट करायचा. आवाजही न होणारी ती अंगठ्याची फेर मला शिकायला दोन पावसाळे लागले.

चारच्या चहाला तवसोळी

दुपारचं जेवण साधंच बरं. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला पापड, लोणच्याची फोड. जड जेवलं की हातकाम बाजूला पडतं. खरं खाणं चारला.

भाद्रपद-आश्विनात मांडवावर मोठी पिकलेली तवसं, म्हणजे काकड्या, असतात. त्यांची तवसोळी, कुणी धोंडस म्हणतात. तवशाची दोन्ही टोकं चाखून बघा, कडू असेल तर सगळंच कडू होतं. साल आणि बिया काढून किसलं की दोन वाट्या कीस हवा. सुटलेलं पाणी फेकू नका, रवा त्याच पाण्यात शिजतो. एक वाटी तांदळाचा रवा चमचाभर तुपावर खरपूस वास येईतो भाजा. कढईत कीस, पाऊण वाटी चिरलेला गूळ आणि चिमूटभर मीठ घालून गूळ विरघळू द्या. मग रवा, अर्धी वाटी ओलं खोबरं, वेलची आणि असतील तर ओले काजूगर. पाच-सात मिनिटांत मिश्रण कढईची कड सोडतं. जाड बुडाच्या भांड्याला तूप लावून तळाशी हळदीचं पान अंथरा, मिश्रण थापा आणि झाकण ठेवून अगदी मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं ठेवा. चूल असेल तर झाकणावर निखारे. हळदीची पानं याच दिवसांत परसात असतात, आणि झाकण उघडल्यावर पहिला वास त्यांचाच येतो. गरम कापू नका, तुटते. अर्धा तास थांबा. सोबत आलं आणि गवती चहाची पात घातलेला चहा.

वीज कडकडली की

परतीच्या पावसात विजा आषाढापेक्षा जास्त असतात, म्हणून हा भाग मनापासून पाळा. वीज चमकली की सेकंद मोजायला लागा आणि गडगडाट ऐकू आला की थांबा. तीनने भागलं की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. मोजणी 30च्या आत आली तर सगळ्यांनी आत यायचं, पडवीतून सुद्धा. खिडकीचे गज, नळ, वायर लावलेला मोबाईल यांपासून लांब राहा, अंघोळ आणि भांडी नंतर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पाऊल टाकू नका, माडाखाली तर नाहीच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी नावाचं अॅप आसपासच्या विजांची सूचना देतं, ते फोनमध्ये असू द्या. पोरांना सेकंद मोजायचं काम दिलं की त्यांची भीती जाते. आमचा पुतण्या भिंतीवर कोळशाने आकडे मांडत बसतो.

समईच्या उजेडात गंजिफा

काळोख झाला की सुई आणि कात्री ठेवून द्या. हा वेळ खेळाचा. सावंतवाडी आमच्यापासून जवळ, म्हणून घरात दशावतारी गंजिफांचा एक जोड आहे. पत्ते गोल, एकूण 120. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. वामनाचा कमंडलू, परशुरामाची कुऱ्हाड, कल्कीची तलवार, अशा खुणांवरून मुलं रंग पटकन ओळखतात. ही कला जवळजवळ संपली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात चितारींना आणून ती पुन्हा उभी केली.

खेळायला तिघं लागतात, प्रत्येकाला चाळीस पत्ते. चाळीस गोल पत्ते एका हातात राहत नाहीत, म्हणून मांडीवर पदर किंवा टॉवेल पसरून त्यावर रंगवार रांगा लावा. घरात आम्ही सोपा केलेला खेळ खेळतो. एकाने पत्ता टाकायचा, बाकीच्यांनी असेल तर त्याच रंगाचा टाकायचा, मोठ्या पत्त्याचा डाव. हुकूम नाही. सुरुवात दिवसा रामाचा राजा असलेल्याने करायची आणि रात्री कृष्णाचा असलेल्याने. लक्षात ठेवायची गोम एकच: पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, पण उरलेल्या पाचांत ते उलटं, तिथे एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यात लहान. नवीन माणूस इथेच फसतो. पहिले दोन-तीन डाव पत्ते उघडे ठेवून खेळा.

घरात जोड नसेल तर वाटी पालथी ठेवून पुठ्ठ्याचे गोल कापा आणि एकाच अवताराचे बारा पत्ते रंगवा. दहा पावसाळी दिवसांत पूर्ण जोड होतो.

पावसाची नोंद

हे काम मुलांचं, आणि वेळ दिवसाला पाच मिनिटं. सरळ उभ्या कडांचा एक डबा अंगणात, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, विटांमध्ये घट्ट बसवून ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून पाणी किती मिलिमीटर आहे ते वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. हवामान खात्याची चोवीस तासांची मोजणीही साडेआठलाच होते. 64.5 मिलिमीटर गाठलं की खात्याच्या भाषेत जोरदार पाऊस, 115.6 गाठलं की अतिजोरदार. आकड्यासमोर एक ओळ लिहायला लावा: बेडूक ओरडत होते का, धोबी पक्षी अंगणात आला का, कुणाचं भात भिजलं. आमच्या मुलीची अशी तीन वर्षांची वही आहे आणि भात कधी कापायचं हे ठरवताना आता सासरेसुद्धा ती मागून घेतात.

आवरून ठेवताना

काम अर्धं सोडून उठायचं असेल तर झोपायच्या आधी दहा मिनिटं द्या, नाहीतर दमट हवा सगळं खराब करते. उरलेली खळ ठेवू नका, सुरण-अळवाच्या आळ्यात ओता. कात्री आणि सुया खोबरेल तेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात. चौघडी घडी करू नका, सैल गुंडाळी करा, म्हणजे कच्चे टाके ओढले जात नाहीत. गुंडाळीत वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि वर सुती फडकं. गंजिफांवर हाताचा ओलावा बसतो, म्हणून प्रत्येक पत्ता कोरड्या मलमलीने पुसून मगच पेटीत. कंदिलाचा सांगाडा माळ्याला उलटा टांगा, उंदीर पोचणार नाही अशा उंचीवर.

पाऊस ओसरून चांगलं ऊन पडलं की त्याच दिवशी ही सगळी गाठोडी उघडा. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं. चौघडीला दोन तास पुरतात, रंगीत कागद आणि पत्ते सावलीतल्या वाऱ्यावरच ठेवायचे. अकराच्या आत उन्हं दाखवून घ्या, कारण दोननंतर पुन्हा सह्याद्रीकडे बघावं लागतं.